पाळत ठेवल्याची बातमी पहिल्या पानावर कधी येते आणि आत कधी जाते?

रविवार, १८ जुलै २०२१. आदल्या रात्रीपासून मुंबईत तुफान पाऊस सुरू होता. चेंबूरजवळच्या माहुलमध्ये आणि विक्रोळीत पहाटेच्या अंधारात घरं गाडली गेली, २५हून अधिक माणसं दगावली. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी शिरल्याने शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला.

त्याच दिवशी रात्री 'द वायर'सह जगभरातल्या १७ माध्यमसंस्थांनी 'पेगॅसस प्रोजेक्ट' प्रसिद्ध करायला सुरुवात केली. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं हे स्पायवेअर फोनमध्ये शिरलं की मेसेज, फोटो, कॅमेरा, माइक सगळं दुसऱ्याच्या हातात जातं. भारतातल्या ४०हून अधिक पत्रकारांचे नंबर फुटलेल्या यादीत असल्याचं या बातम्यांमध्ये म्हटलं होतं. आपण हे सॉफ्टवेअर फक्त सरकारी यंत्रणांनाच विकतो, असं कंपनीचं म्हणणं होतं.

सोमवारच्या अंकासाठी मुंबईतल्या संपादकांपुढे या दोन्ही बातम्या एकाच रात्री होत्या.

मंगळवारच्या अंकासाठी गर्दी आणखी वाढली. कांदिवली पूर्वेला ठाकूर कॉम्प्लेक्समधल्या भूमिगत पार्किंगमध्ये पाणी भरून सुमारे ४०० गाड्या बुडाल्या. रात्री उद्योजक राज कुंद्राला अटक झाली. त्याच दिवशी नवे आयटी मंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत पेगॅससचे आरोप फेटाळले आणि संध्याकाळी यादीतली पुढची नावं आली. त्यात राहुल गांधी, प्रशांत किशोर आणि खुद्द वैष्णव यांचे नंबर होते.

आता कांदिवलीतल्या वाचकाच्या जागी बसून बघा. गाडी बुडाली ती शेजाऱ्याची, नळाला पाणी नाही ते स्वतःच्या. फोनवर कुणी पाळत ठेवली असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी, आणि तीसुद्धा दिसत नाही. पहिलं पान कसं ठरतं याचं बरंचसं उत्तर या फरकात आहे.

पहिलं पान ठरतं कसं?

संध्याकाळी संपादक, वृत्तसंपादक आणि ब्युरोचे प्रमुख दिवसभराच्या बातम्यांची यादी घेऊन बसतात. मुख्य बातमी म्हणजे लीड, तिच्या खालोखालची सेकंड लीड आणि पानाच्या तळाशी जाणारी अँकर, एवढं आधी ठरतं. जाहिरातीची जागा त्याआधीच गेलेली असते. उरलेल्या जागेत जेमतेम पाच-सहा बातम्या मावतात.

दुसरी अडचण घड्याळाची. लांबच्या तालुक्यांत जाणारी डाक आवृत्ती लवकर छपाईला जाते, शहर आवृत्ती सर्वांत शेवटी. त्यामुळे रात्री उशिरा फुटलेली बातमी एकाच पेपरच्या शहर आवृत्तीत पहिल्या पानावर आणि डाक आवृत्तीत चौकटीत किंवा अजिबात नाही, असं होऊ शकतं. त्यात रविवारी कार्यालयात माणसं कमी असतात.

मग पाळतीची बातमी कुठे अडते?

पहिलं म्हणजे पुरावा. यादीत नंबर असणं म्हणजे फोन हॅक झालाच, असं नाही. त्यासाठी फोनची तांत्रिक तपासणी लागते. जे पेपर त्या १७ संस्थांमध्ये नव्हते, त्यांच्याकडे ना यादी होती, ना प्रयोगशाळा. त्यांना 'दुसऱ्यांनी असं म्हटलं आहे' एवढंच छापता येत होतं. दुसऱ्याने फोडलेल्या बातमीला आपली लीड करायला कोणतंही वृत्तपत्र नाखूशच असतं.

दुसरं म्हणजे तक्रारदारच नसतो. भारतात फोन टॅपिंगला गृह सचिवांची मंजुरी लागते आणि समितीकडून त्याचा आढावा होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पीयूसीएल खटल्यात या अटी घातल्या. पण ज्याचा फोन ऐकला त्याला ते नंतरही कळवण्याचं बंधन नाही. चोरी झाली की माणूस पोलिसांत जातो, इथे चोरी झाल्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे ही बातमी बहुतेक वेळा कागद फुटल्यावर किंवा सत्ता बदलल्यावरच येते.

तिसरं कारण पैशाचं. केंद्र आणि राज्य सरकार हे वृत्तपत्रांचे मोठे जाहिरातदार आहेत. दर वेळी कुणाचा फोन यावा लागत नाही, 'थोडं सांभाळून' एवढा विचारही बातमीला आतल्या पानावर ढकलायला पुरतो.

महाराष्ट्रात ही बातमी लीड कशी झाली?

२३ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषद घेतली. पोलिसांच्या बदल्यांत दलाली चालते, असा अहवाल गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन प्रमुख रश्मी शुक्ला यांनी दिला होता आणि त्यामागच्या संभाषणांचा ६.३ जीबी डेटा आपल्याकडे आहे, असं त्यांनी सांगितलं.

इथे घटना एक होती, पण मथळे दोन शक्य होते. फोनवर जे ऐकलं ती बातमी मानली तर मथळा 'बदल्यांचं रॅकेट'. फोन ऐकला ही बातमी मानली तर मथळा 'फोन टॅपिंग'. भाजपला पहिला मथळा हवा होता, महाविकास आघाडीला दुसरा. टॅपिंगच्या परवानगीचा गैरवापर झाल्याचं तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी अहवालात म्हटलं आणि दुसऱ्या मथळ्याला सरकारी कागद मिळाला.

त्याच वर्षी जुलैत नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की आपला फोन 'अमजद खान' या नावाखाली टॅप झाला होता. गब्बरच्या नटाचं नाव लागल्यावर वेगळ्या मथळ्याची गरजच काय! पुढे पटोले प्रकरणी पुण्यात, तर संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या प्रकरणी मुंबईत कुलाबा पोलीस ठाण्यात शुक्लांवर गुन्हे नोंदले गेले. राज्यात सत्ता बदलली. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले आणि जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

या प्रकरणात ओळखीचे नेते होते, सभागृहातला गोंधळ होता, एफआयआरचा कागद होता आणि रोज दोन्ही बाजूंची उत्तरं येत होती. पहिल्या पानाला लागतं ते सगळं होतं.

याउलट ऑक्टोबर २०१९ घ्या. व्हॉट्सॲपमधून पेगॅसस सोडून भारतातल्या पत्रकार आणि कार्यकर्त्यांना लक्ष्य केल्याचं 'इंडियन एक्सप्रेस'ने उघड केलं. नागपूरचे वकील निहालसिंग राठोड हेही त्यांत होते. पण तेव्हा महाराष्ट्रात निवडणुकीचे निकाल लागून 'मुख्यमंत्री कोण' हा एकच प्रश्न गाजत होता. नागपूरच्या एका वकिलाचा फोन त्या गर्दीत मोठा ठरणं अवघड होतं.

फक्त आपल्याकडेच असं होतं का?

नाही. अमेरिकेत न्यायालयाच्या वॉरंटशिवाय फोन ऐकले जात असल्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सरकारच्या विनंतीवरून वर्षभराहून अधिक काळ रोखून धरली होती. ती पहिल्या पानावर आली १६ डिसेंबर २००५ रोजी. तोवर २००४ ची अध्यक्षीय निवडणूक होऊन गेली होती. बातमी कुठे छापली याइतकंच ती कधी छापली हेही महत्त्वाचं असतं, ते यासाठी.

पेपरच्या फोटोवरून काय ओळखावं?

पेगॅससच्या वेळी दोन पेपरांची पहिली पानं शेजारी ठेवून 'बघा, यांनी बातमी दाबली' अशा पोस्ट फिरल्या. एका दिवसाच्या फोटोवरून असा निकाल देणं घाईचं ठरतं. तो फोटो डाक आवृत्तीचा असू शकतो, त्या दिवशी गावात माणसं दगावलेली असू शकतात.

खरी परीक्षा नंतर असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं की तपासलेल्या २९ फोनपैकी पाचमध्ये मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच असल्याचा निर्णायक पुरावा नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही. तेव्हा ना पाऊस होता, ना रात्रीची घाई. कुणाला निकाल द्यायचाच असेल, तर आपल्या पेपरचा २६ ऑगस्ट २०२२ चा अंक काढावा आणि ही बातमी कोणत्या पानावर आहे, मथळ्यात 'पुरावा नाही' आहे की 'सहकार्य नाही', हे पाहावं.