कानानं शिकलेला लेखक

अमेरिकेतल्या ऑक्लाहोमा राज्याच्या ईशान्येला, ओझार्कच्या बुटक्या डोंगरांमधून इलिनॉय नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यातल्या स्क्रेपर या वस्तीजवळ २४ सप्टेंबर १९१३ रोजी वुड्रो विल्सन रॉल्स यांचा जन्म झाला. त्याच वर्षी वुड्रो विल्सन अमेरिकेचे अध्यक्ष झाले होते, तेच नाव या शेतकऱ्याच्या पोराला मिळालं. जमीन आईकडची होती. आईच्या अंगात चेरोकी रक्त होतं, आणि त्या रक्ताच्या नोंदीवर तिला तो तुकडा मिळाला होता.

या जमिनीची हकिगत सांगायलाच हवी. १८३८-३९मध्ये चेरोकी लोकांना त्यांच्या आग्नेयेकडच्या मुलखातून बळजबरीनं हुसकून या प्रदेशात आणलं गेलं. वाटेत हजारो माणसं मेली. इथे आल्यावर त्यांनी जमीन सगळ्या जमातीच्या मालकीची ठेवली होती. पुढे अमेरिकन सरकारनं ती सामायिक मालकी मोडली आणि माणशी तुकडे पाडून वाटले. १९०७मध्ये ऑक्लाहोमा राज्य झालं. रॉल्स यांचं बालपण अशा मोडून वाटलेल्या जमिनीवर गेलं. त्यांच्या गोष्टींतली नदी, कडेकपारी, काठावरची अजस्र सायकमोरची झाडं ही सगळी तिथलीच.

जवळपास शाळा नव्हती. आजी पुस्तकं मिळवून द्यायची आणि आई पोरांना वाचून दाखवायची, वाचायला शिकवायची. लाल टोपीवालीसारख्या गोष्टी वुड्रोला मुलींच्या वाटत. मग एक दिवस जॅक लंडनची ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ घरात आली. एका कुत्र्याची कादंबरी! आपल्या घरचा कुत्रा घेऊन नदीकाठी हिंडणाऱ्या या मुलानं तेव्हाच ठरवलं, की आपणही असं काही लिहायचं. कागद विकत घ्यायला पैसे नसत. सुरुवातीला आपण रस्त्याच्या धुळीत आणि नदीच्या वाळूत लिहायचो, असं ते पुढे शाळेतल्या मुलांना सांगत. पुढे काही काळ टालेक्वा गावच्या शाळेत जाता आलं, पण आठवीच्या आसपास तेही संपलं. १९२९च्या मंदीत घरदार कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागलं. न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीजवळ गाडी बिघडली, वडिलांना तिथे टूथपेस्टच्या कारखान्यात काम मिळालं, आणि कुटुंब तिथेच राहिलं.

नंतरची वीस-पंचवीस वर्षं रॉल्स यांनी सुतारकामावर काढली. काम मिळेल तिथे जायचं, मग ते मेक्सिको असो, दक्षिण अमेरिका असो की अलास्काचा महामार्ग. तरुणपणी चोरीच्या गुन्ह्यांसाठी त्यांनी तुरुंगवासही भोगला. मुलांसाठी लिहिणाऱ्याच्या चरित्रात ही गोष्ट झाकून ठेवण्याची काहीच गरज नाही. या सगळ्या वणवणीत ते रात्री लिहीत राहिले. लिहिलेलं एका ट्रंकेत टाकत आणि कोणाला दाखवत नसत. स्पेलिंग येत नव्हतं, विरामचिन्हं कुठे टाकायची ठाऊक नव्हतं, आणि याची लाज त्यांना आयुष्यभर पुरली.

आयडाहोत अणुऊर्जा आयोगाच्या प्रकल्पावर बांधकामाचं काम करताना त्यांची सोफी स्टायझिन्स्की यांच्याशी ओळख झाली. सोफी त्याच आयोगात अंदाजपत्रकाचं काम बघत. ऑगस्ट १९५८मध्ये दोघांचं लग्न झालं. शिकलेल्या बायकोच्या हाती ही अशुद्ध बाडं पडू नयेत म्हणून रॉल्स यांनी लग्नापूर्वी ती सगळी जाळून टाकली.

लग्नानंतर काही महिन्यांनी त्यांनी सोफीला हे सांगितलं. सोफीनं आग्रह धरला, की निदान एक तरी गोष्ट पुन्हा लिहा. रॉल्स बसले आणि लहानपणापासून मनात घोळत असलेली कुत्र्यांची गोष्ट तीन आठवड्यांत सलग लिहून काढली. तिच्यात विरामचिन्हं नव्हती. वही बायकोच्या हाती देऊन ते घराबाहेर निघून गेले, कारण तिचा चेहरा बघण्याचं धैर्य नव्हतं. सोफीला गोष्ट फार आवडली. तिनं ती आणखी वाढवायला सांगितलं. मग तिनं भाषा दुरुस्त केली, टंकलेखन केलं, आणि १९६१मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात ती तीन भागांत छापून आली. त्याच वर्षी डबलडे प्रकाशनानं ‘व्हेअर द रेड फर्न ग्रोज’ या नावानं पुस्तक काढलं.

गोष्ट साधी आहे. बिली कोलमन या दहा वर्षांच्या पोराला शिकारी कुत्र्यांची जोडी हवी आहे आणि बापाकडे पैसा नाही. बिली दोन वर्षं मासे, फळं, कातडी विकतो आणि बेकिंग पावडरच्या डब्यात पन्नास डॉलर साठवतो. कुत्र्यांचा भाव मध्येच उतरतो, दहा डॉलर वाचतात. त्यातून तो बापाला कपडे, आईला कापड आणि बहिणींना खाऊ घेतो. पिल्लं आणायला तो घरी न सांगता, अनवाणी, डोंगर ओलांडून टालेक्वाला चालत जातो. मग रात्री-रात्री कंदील आणि कुऱ्हाड घेऊन रॅकून या रानटी जनावराची शिकार. कुत्री वासावर माग काढतात, रॅकून झाडावर चढतो, कुत्री बुंध्याशी भुंकत उभी राहतात. झाड केवढंही असो, बिलीनं त्यांना शब्द दिला आहे, म्हणून तो दिवसच्या दिवस घाव घालतो.

मला या पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली माहिती. पिल्लांना शिकवायला आधी एक रॅकून हवा, म्हणून आजोबा सापळा सांगतात: ओंडक्याला गिरमिटानं भोक पाडायचं, आत चकचकीत पत्रा टाकायचा आणि तोंडाशी तिरके खिळे ठोकायचे. रॅकून पंजा घालतो, चकचकीत वस्तू मुठीत धरतो आणि मूठ सोडत नाही म्हणून अडकतो. आपल्याकडच्या गोष्टीतल्या मडक्यात मूठ अडकलेल्या माकडासारखंच. असा तपशील वाचनालयात बसून मिळत नाही. ज्यानं रानात रात्री काढल्या आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं, त्यालाच तो सुचतो. रॉल्स यांचं वाक्य छोटं असतं आणि पुढे काय झालं ते सांगायची त्याला घाई असते. ते शेकोटीजवळ बसून सांगणाऱ्याचं वाक्य आहे. शाळेनं जे दिलं नाही ते सोफीनं दुरुस्तीत भरून काढलं. शाळेला जे देता आलंच नसतं ते आधीपासून त्यांच्यापाशी होतं.

उणिवाही आहेत. बिलीच्या तिन्ही बहिणींना कादंबरीत नावंसुद्धा नाहीत. चेरोकी भूमीवर घडणाऱ्या या गोष्टीत चेरोकी माणसं जवळपास दिसतच नाहीत. आईच्या रक्ताचा उल्लेख आणि शीर्षकातल्या तांबड्या नेच्याची दंतकथा एवढंच उरतं. ज्यांच्या मुलखाची ही कथा, ते तिच्यातून गळले, हे दुःख मला पुस्तक आवडूनही बोचतं.

पुस्तक सुरुवातीला खपलं नाही. प्रकाशकानं ते मोठ्यांसाठी म्हणून बाजारात आणलं होतं, आणि ते बंद पडायच्या बेताला आलं. साठच्या दशकाच्या अखेरीस रॉल्स यांना यूटा विद्यापीठात शिक्षक आणि ग्रंथपालांपुढे बोलायला बोलावलं. ऐकणारे शिक्षक पुस्तक घेऊन आपापल्या शाळांत गेले आणि त्यांनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलांनी ते घरी मागितलं. तिथून मागणी वाढली ती अजून थांबलेली नाही. जाहिरातीला जे जमलं नाही ते शिक्षकाच्या आवाजाला जमलं, आणि मला यात नवल वाटत नाही. आईच्या वाचनातून जन्मलेला लेखक पुन्हा कोणाच्या तरी वाचनातूनच मुलांपर्यंत पोचला. १९७४मध्ये चित्रपट निघाला, त्यातलं निवेदन खुद्द रॉल्स यांच्याच आवाजात आहे.

१९७६मध्ये त्यांची दुसरी कादंबरी आली, ‘समर ऑफ द मंकीज’. सर्कशीतून पळालेली माकडं पकडून बक्षीस मिळवू पाहणारा चौदा वर्षांचा जे बेरी, त्याला हवं असलेलं तट्टू आणि बंदूक, आणि अधू पायाची बहीण डेझी. इथे बहिणीला नाव आहे आणि गोष्टीच्या मध्यभागी जागाही. या पुस्तकाला १९७९मध्ये सीक्वोया आणि विल्यम ॲलन व्हाइट हे दोन्ही पुरस्कार मिळाले. या पुरस्कारांची निवड शाळकरी मुलं मतदानानं करतात. सीक्वोया म्हणजे चेरोकी भाषेला लिपी देणारा माणूस. इंग्रजी लिहिता-वाचता येत नसताना त्यानं ती एकट्यानं घडवली. स्पेलिंगच्या लाजेनं आपली बाडं जाळणाऱ्याला याच्याहून योग्य नावाचा पुरस्कार मिळाला नसता.

उरलेल्या वर्षांत रॉल्स शाळाशाळांतून हिंडले आणि मुलांशी बोलले. १६ डिसेंबर १९८४ रोजी विस्कॉन्सिनमध्ये कर्करोगानं त्यांचं निधन झालं. सोफी जिथे भेटल्या त्या आयडाहोतल्या आयडाहो फॉल्स गावच्या सार्वजनिक वाचनालयाबाहेर आज बिली आणि त्याच्या दोन कुत्र्यांचा पुतळा आहे.

इंग्रजी जमणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. या सुट्टीत हे पुस्तक मिळवा आणि रोज एक प्रकरण मुलांना आपल्या मराठीत सांगत, वाचत जा. शेवटची दोन प्रकरणं मात्र आधी एकट्यानं वाचून घ्या, म्हणजे मुलांसमोर आवाज टिकेल.