मधपेट्या उचलायला यंत्र कोणते?

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला आमचा भाचा सणासुदीलाच फोन करतो. गेल्या महिन्यात मात्र भर आठवड्यात, आम्ही शाळेला निघत असतानाच त्याचा फोन आला. "मामा, तुम्ही गणित शिकवता ना? एक हिशेब करून द्या. चुकला तर माझे वर्षाचे पैसे बुडतील."

हा मुलगा व्हिक्टोरिया राज्यात मधमाश्या पाळतो. चारशे पेट्या आहेत. मरे नदीकाठी रॉबिनव्हेलच्या बाजूला बदामाच्या मोठमोठ्या बागा आहेत. (आमच्या समुद्रकाठचा बादामिये तो हा बदाम नव्हे, हे मुलांना आम्ही दरवर्षी सांगतो.) ऑगस्टमध्ये तिथे बदाम फुलतो आणि परागीकरणासाठी बागवाले भाड्याने पेट्या मागवतात. हेक्टरी साधारण सहा-सात. म्हणजे याच्या चारशे पेट्या साठेक हेक्टरांना पुरतात.

पेट्या हलवायच्या त्या रात्री, माश्या घरी परतल्यावर. आजवर हा आणि एक गडी मिळून हातानेच लॉरीत चढवीत. मधाने भरलेला आठ चौकटींचा एक खण तीसेक किलो भरतो. गेल्या हंगामात याची कंबर धरली आणि डॉक्टरांनी ओझे उचलायला साफ मनाई केली. हे ऐकून आम्हाला आमचे वडील आठवले. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून लॉरीत चढणारी ती पिढी. बेटावर ऊस उचलणारे लोडर आले तेव्हा हातचे काम जाईल म्हणून आरडाओरड झाली होती. पण वाकलेल्या पाठी आम्ही घरात पाहिल्या आहेत.

तर आता यंत्र. भाच्यापुढे तीन प्रकार होते.

पहिला, गोदामात असतो तसा उभ्या खांबाचा फोर्कलिफ्ट. ओझे सरळ वर जाते, ही त्याची मोठी सोय. परंतु साध्या गोदामी यंत्राची चाके लहान असतात. त्या मुलखातल्या वाळूत ते रुतून बसणार. शिवाय खांबाचे यंत्र चालवायला ऑस्ट्रेलियात वेगळा परवाना लागतो.

दुसरा, चारही चाके ताठ ठेवून जागच्या जागी गिरकी घेणारा लोडर. दणकट, आणि जुना स्वस्तात मिळतो. पण तो वळतो म्हणजे चाके जमिनीवर फरफटतात. वाळूत खड्डे पडतात, बागवाला कुरकुरतो, आणि प्रत्येक गिरकीला पेट्यांना हिसका बसतो. आतल्या चौकटी हेलकावल्या की माश्या चिरडतात. त्यात राणी सापडली तर ती पेटीच गेली म्हणायची.

तिसरा, कमरेत वाकून वळणारा छोटा लोडर. मागची चाके पुढच्यांच्याच वाटेने येतात, जमीन उकरली जात नाही, झाडांच्या ओळीत सहज शिरतो. भाच्याचे मन यावर बसले होते. माहितीपत्रकात लिहिले होते, ९०० किलो. "माझे ओझे पाचशेच्या आत, मग काय अडचण?" तो म्हणाला.

ओझे त्याने बरोबर काढले होते. बदामाला नेताना दोन खणांची पेटी ५० किलोची धरू. पॅलेटवर चार पेट्या, पॅलेटचे ३०, झाले २३०. एकावर एक दोन पॅलेट उचलले तर ४६०. मधाच्या दिवसांत वर दोन भरलेले खण चढले की पेटी ११० किलोची होते, आणि एकच पॅलेट ४७० भरतो. म्हणजे दोन्हीकडून पाचशे धरावे.

अडचण त्या ९०० मध्ये होती. आम्ही त्याला पत्रक पुन्हा वाचायला लावले. तो आकडा उचलण्याचा नव्हताच. कोणत्या ओझ्याला यंत्राची मागची चाके हवेत उठतात, तो आकडा होता. तोही यंत्र सरळ उभे असताना आणि पुढे बादली लावलेली असताना. तळाला बारीक अक्षरात खरा आकडा होता: काटे लावून, यंत्र पूर्ण वळलेले असताना ७०० किलो. खडबडीत जमिनीवर काट्यांवर त्याच्या ६० टक्केच घ्यावेत असा नियम आहे. ४२० झाले. मुलाचे ओझे पाचशे. उलटे करून पाहा: पाचशेला ६० टक्क्यांनी भागा, म्हणजे ८३३ किलोच्या खालचे यंत्र घ्यायचेच नाही.

झोक्याच्या फळीवर बसणारे कोणतेही पोर हे सांगेल. ओझे जितके दूर, तितके ते जड. आणि या लोडरचा हात वर्तुळात फिरतो, त्यामुळे तो आडवा होतो तेव्हा ओझे सर्वांत दूर जाते. नेमके लॉरीच्या फळीच्या उंचीला! वर हात उचलताना काटे आपोआप सपाट राहणारी रचना आहे की नाही, हेही विचारायला सांगितले. नसेल तर पेट्या चालकाच्या अंगावर कलतात, आणि अंधारात ते उशिरा कळते.

दिव्यांचे मात्र त्याने आम्हाला शिकवले. माश्यांना तांबडा रंग दिसत नाही, म्हणून यंत्राला तांबडे दिवे लावायचे. पांढरा दिवा लागला की सगळा थवा दिव्यावर आणि चालकाच्या तोंडावर. धुराडे पेट्यांकडे नको. आम्ही त्याला पट्टा बांधायला बजावले. यंत्र कलंडताना माणूस उडी मारतो आणि वरच्या सांगाड्याखाली सापडतो. बसून राहिला तर वाचतो.

मग वजनाचा दुसरा टोला. मोठे यंत्र घ्यावे तर ते ओढायचे कशाने? त्याची गाडी ब्रेक असलेला ३.५ टनांपर्यंतचा ट्रेलर ओढते. ट्रेलर ८०० किलोचा, तेव्हा यंत्र २.७ टनांच्या आत हवे. त्यातून इंधन आणि काटेही वजा.

त्याला आता दुसरे, जरा जुने यंत्र सापडले आहे. स्वतःचे वजन २.१ टन, काटे लावून पूर्ण वळलेले असताना आकडा ९५०. कमरेचा सांधा ढिला आहे का, ते हलवून बघ, आणि ओझे उचलून इंजिन बंद कर, काटे खाली सरकतात का पाहा, असे सांगितले आहे. शनिवारी तो विकणाऱ्याच्या अंगणात स्वतःचे दोन पॅलेट घेऊन जाणार आहे. पेट्यांत माश्यांऐवजी वाळूची पोती ठेवून. आमच्या बहिणीचा प्रश्न एवढाच, की त्याच्याबरोबर कोण जाणार.