अंबरनाथचं शिवमंदिर : घाईत पाहू नका!

मुंबईजवळ जुनं मंदिर शोधताय? मध्य रेल्वेनं अंबरनाथला उतरा आणि पूर्वेकडून रिक्षानं वालधुनी नदीकाठी या. कारखाने आणि इमारतींच्या गर्दीत इथे शिलाहार राजघराण्याचं शिवमंदिर उभं आहे.

इथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ आहे. छित्तराज या शिलाहार राजानं सुरू केलेलं काम मुम्मुणी राजाच्या काळात पुरं झालं. अनेक जण मंदिराला हेमाडपंती म्हणतात, पण ज्याच्यावरून हे नाव पडलं तो हेमाद्री पंडित त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला. ही शैली भूमिज. बाहेरून शिखराकडे नीट बघा : उभ्या पट्ट्यांमध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी रचलेल्या दिसतील. हीच तिची खूण.

सभामंडपातले कोरीव खांब आणि वरचं नक्षीदार छत बघून पायऱ्या उतरा. गाभारा मंडपापेक्षा बराच खाली आहे. शिखराचा माथा आज नाही, त्यामुळे वर थेट आकाश दिसतं.

महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. शिल्पं बघायची तर एरवी सकाळी या. बाहेरून सावकाश एक फेरी माराच, पण मूर्तींना हात लावू नका. साडेनऊशे वर्षांचा हा दगड आपणच जपायचा आहे.