पॅसिफिकच्या काठाकाठाने : लेखांक ९ — नदीच्या तोंडावरचं ॲस्टोरिया

मागच्या आठवड्यात आपण पोर्टलंडपाशी थांबलो होतो. तिथून कोलंबिया नदीच्या काठाने पश्चिमेला निघालं, की समुद्र येण्याच्या थोडं आधी डोंगरउतारावर ॲस्टोरिया दिसतं. वस्ती जेमतेम दहा हजार.

गावाचं नाव जॉन जेकब ॲस्टर या न्यूयॉर्कच्या धनाढ्य व्यापाऱ्याचं. प्राण्यांच्या कातड्यांच्या व्यापारासाठी त्याच्या कंपनीने १८११ मध्ये इथे ठाणं उभारलं. ‘टाँक्विन’ जहाजाची माणसं किनाऱ्याला लागण्याआधीच त्यांच्यातली आठ जणं नदीमुखावर बुडाली. तिथे वाळूचे दांडे सतत सरकत असतात आणि नदीचा लोंढा समुद्राच्या लाटांना भिडतो. आजवर तिथे सुमारे दोन हजार लहानमोठी जहाजं गेली. म्हणून आजही मोठ्या जहाजाला आत यायचं तर स्थानिक वाटाड्या कप्तान लागतो. अशाच वाटाडेगिरीवर श्रीमंत झालेल्या जॉर्ज फ्लावेलचा १८८६ चा टुमदार वाडा आता संग्रहालय आहे. खुद्द ॲस्टर मात्र या गावात कधीच आला नाही, आणि दोनच वर्षांत त्याचं ठाणं ब्रिटिश कंपनीच्या हाती गेलं.

गाव वाढलं ते सॅमन माशावर. मासे पकडायला फिनलंडहून आलेले कोळी आणि डबे भरायच्या कारखान्यांत चिनी मजूर. धक्के, दुकानं, रस्तेसुद्धा नदीत रोवलेल्या लाकडी खांबांवर उभे होते. तेच घातक ठरलं. ८ डिसेंबर १९२२ च्या पहाटे लागलेली आग रस्त्यांच्या खालून पसरली आणि बाजारपेठेचे सुमारे तीस चौक खाक झाले. आज दिसते ती पेठ, १९२५ चं लिबर्टी थिएटर धरून, त्यानंतरची.

पुढे १९२६ मध्ये कॉक्सकोम्ब टेकडीवर १२५ फुटी स्तंभ उभा राहिला. पैसा रेल्वे कंपनीचा आणि ॲस्टरच्या खापरपणतूचा. इटालियन चित्रकार आतिलियो पुस्तेर्ला याने या स्तंभाभोवती गावाचा इतिहास गुंडाळल्यासारखा चितारला आहे. तो रेल्वेच्या आगमनाशी संपतो. माझ्या मते गावाची सर्वांत मोठी गोष्ट त्यानंतरची आहे.

इथल्या हॅमंड लाकूडगिरणीत पंजाबी मजूर काम करत आणि गिरणीजवळच राहत. गोऱ्या जमावांनी इतर गावांतून हिंदी मजुरांना हुसकून लावण्याचा तो काळ. १९१३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर हे मजूर फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात जमले. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ चिटणीस झाले आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारी संघटना उभी राहिली. त्याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून तिचं ‘गदर’ हे वृत्तपत्र निघालं आणि पक्षालाही तेच नाव पडलं. स्वतः परके म्हणून हिणवले जाणारे फिनिश कामगार आपलं सभागृह या परक्यांना देतात, हे मला कुठल्याही स्तंभाहून मोठं वाटतं.

या चळवळीत आपली माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्येच शेतीशास्त्र शिकत असताना क्रांतिकार्यात होते. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या संशोधनात नाव कमावलं. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून उठावासाठी परतले आणि मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात, कर्तारसिंग सराभांबरोबर, त्यांना फाशी झाली.

२०१३ मध्ये गदरच्या शताब्दीला ॲस्टोरियाने या घटनेचा फलक लावला. तिकडे जाणं झालं तर स्तंभाच्या १६४ पायऱ्या जरूर चढा. वरून नदी, समुद्र आणि चार मैलांचा पूल एका नजरेत दिसतो. पण त्याआधी तो फलक शोधा आणि तिथे घटकाभर उभे राहा.