जुन्या ट्रकचा हीटर आणि समोरची काच

पावसाळ्यात एसटीने घाट चढल्याचं आठवतं का? खिडक्या बंद, गाडी गच्च भरलेली, आणि ड्रायव्हर एका हातात स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातातल्या फडक्याने समोरची काच आतून पुसतोय. बाहेरचं पाणी वायपर काढायचा, आतल्या वाफेला मात्र फडकंच.

हे आठवायचं कारण आमच्या गॅरेजमध्ये उभं आहे. मुलाला जुन्या गाड्यांचं वेड, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही 1950 च्या दशकातली एक पिकअप घेतली. इथे मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ पडायला लागलं की अशा गाड्या लोक झाकून ठेवतात, आम्हीही ठेवतो. पण ऑक्टोबरची सकाळ पुरेशी असते. घरातून निघालो, दुसऱ्या चौकापर्यंत काच पांढरी. मुलगा म्हणाला, "बाबा, हीटर तर चालू आहे!"

हीटर चालू असूनही असं का होतं, ते आधी समजून घेऊ.

0 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत वाफेच्या रूपात जेमतेम 5 ग्रॅम पाणी मावतं. 20 अंशांना 17 ग्रॅमच्या आसपास. आपल्या श्वासातून आणि ओल्या बुटांतून केबिनमध्ये सारखी वाफ येत असते. ती थंडगार काचेला लागली की तिथेच तिचं पाणी होतं. आता बाहेरची थंड हवा आत घेऊन तापवली, तर तिच्यात मुळात पाणी कमी असल्याने ती कोरडी होते आणि काच सुकवते. पण जुन्या ट्रकांतले बरेचसे हीटर केबिनमधलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणारे होते. पाय गरम, आणि ओल जिथल्या तिथे. म्हणून अशा गाडीत खिडकी दोन बोटं उघडी ठेवावी लागते. आपल्या लोकांना हे पटत नाही, थंडी वाजते म्हणून हीटर लावायचा आणि वर खिडकी उघडायची! पण करून बघा, काच मिनिटभरात सुटायला लागते.

त्या काळी अमेरिकेत हीटर ही जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. शेव्हरोलेने 1947 साली नव्या घडणीचे ट्रक आणले, तेव्हा केबिन श्वास घेते अशी जाहिरात केली होती. बाहेरची हवा आत घेणारा हीटर त्यात मिळायचा, पण तोही वेगळे पैसे भरून. काच किती वेळात साफ झाली पाहिजे याचे केंद्रीय नियम 1960 च्या दशकाच्या अखेरीस आले. त्याआधीच्या गाड्यांत काचेखालच्या फटी लहान, ब्लोअर अशक्त. सगळं नीट असलं तरी पंख्याच्या आकाराचा एक तुकडाच स्वच्छ होतो. त्यातून व्हॅक्यूमवर चालणारे वायपर असतील तर चढावर ॲक्सिलरेटर दाबला की तेही मंदावतात.

आता तपासणी. इंजिन पुरतं तापू द्या, मग बंद करा आणि हीटरला जाणाऱ्या दोन्ही होज पाइपना जपून हात लावा. एक गरम आणि एक गार असेल तर हीटरची छोटी जाळी, म्हणजे कोअर, गाळाने तुंबली आहे किंवा पाण्याचा व्हॉल्व बंद अडकलाय. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट पाहा. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून कुणीतरी तो काढूनच टाकलेला असतो, हे फार वेळा आढळतं. दोन्ही छान गरम, तरी काचेवर वारा नाही, तर दोष हवेच्या वाटेत. आमच्याकडे तेच निघालं. हीटरपासून काचेपर्यंत जाणारी नळी विरून फाटली होती आणि सगळी ऊब डॅशबोर्डच्या आत जिरत होती. वर उंदराचं घरटं होतं, ते वेगळंच. नवी नळी स्वस्तात मिळाली. 6 व्होल्टची गाडी असेल तर ब्लोअरच्या वायरींची टोकं आणि अर्थिंगची जागा घासून स्वच्छ करा, एवढ्यानेही वेग वाढतो.

कोअर धुवायचा तर इंजिन गार झाल्यावर दोन्ही पाइप काढून बागेच्या नळीने उलट्या दिशेने पाणी सोडा, पण हळू. जुना डाख जोराने सुटतो. बाहेर पडणारं कूलंट घमेल्यात धरा. ते चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्र्यांना आणि लहान मुलांना त्याचा मोठा धोका. आणि बर्फ धरलेल्या काचेवर उकळतं पाणी कधीच ओतू नका, काच तडकते.

हे सगळं झाल्यावर आम्ही खूश होतो. काच साफ, केबिन उबदार. मग एका रविवारी फेरफटका मारून आल्यावर मुलगा म्हणाला, डोकं दुखतंय. पुढच्या फेरीत माझंही दुखलं, मळमळलं. मी म्हटलं, पेट्रोलच्या वासाने असेल. बायको म्हणाली, गाडीतून उतरलं की दोघांचंही थांबतं, मग गाडीतच काहीतरी आहे. तिचं बरोबर होतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं होतं आणि पेडलभोवतीची रबरं झिजली होती. इंजिनचा धूर तिथून आत येत होता. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. केबिनमधलीच हवा फिरवणारा हीटर आणि बंद खिडक्या, म्हणजे तो आत साठतच जातो. फोर्ड मॉडेल ए सारख्या गाड्यांत तर मॅनिफोल्डवर आच्छादन घालून तिथलीच हवा आत घ्यायचे, तिथे एवढीशी गळतीही थेट नाकात.

म्हणून हीटरला हात लावण्याआधी एक्झॉस्ट तपासून घ्या, तळाच्या पत्र्यातली भोकं बुजवा. बर्फ पडला असेल तर मागचा पाइप मोकळा करूनच इंजिन सुरू करा. गॅरेजमध्ये, दार उघडं असलं तरी, गाडी तापवत ठेवू नका. गाडीत डोकं दुखायला लागलं तर लगेच थांबून बाहेर मोकळ्या हवेत या, आणि बरं वाटत नसेल तर 911 ला फोन करा.

आता आमच्या गाडीत वाहनांसाठीचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवलाय, आणि खिडकी दोन बोटं उघडी असते. मुलगा कुरकुरतो, मग हीटरवर एवढी मेहनत कशाला केली म्हणतो. त्याच्या आईने त्याला कानटोपी काढून दिली आहे.