दाढ काढण्यापूर्वी

दाढ ठणकू लागली की माणूस रात्रभर तळमळतो. कोणी लवंगेचे तेल लावतो, कोणी मिश्री घासतो, कोणी तंबाखूची चिमूट दाबून धरतो. तेवढ्याने भागले नाही, की उजाडताच तालुक्याचे गाव गाठून सांगतो, "डॉक्टर, एकदाची काढून टाका!" सोसवत नाही म्हणून माणूस असे म्हणतो, त्यात नवल नाही. परंतु पुष्कळदा अशी काढून टाकलेली दाढ वाचण्यासारखी असते. ती कशी वाचते, ते आपण पाहू.

दाताला दोन जीव असतात असे म्हटले तरी चालेल. एक आतला, एक बाहेरचा. दाताच्या पांढऱ्या, कठीण कवचाखाली हाडासारखा एक थर असतो आणि त्याच्या पोटात मऊ गर असतो. ह्या गरात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. मुळांमधल्या बारीक नळ्यांतून तो थेट मुळाच्या टोकापर्यंत गेलेला असतो. हा झाला आतला जीव. दुसरा जीव मुळाच्या बाहेरून असतो. मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचे एक पातळ वेष्टन असते. दात जबड्यात धरून ठेवतात ते हे तंतू, आणि त्यांना रक्त मिळते ते बाजूच्या हाडातून व हिरडीतून. म्हणून आतला गर मेला तरी बाहेरचे वेष्टन जिवंत राहू शकते, आणि ते जिवंत आहे तोवर दात आपल्या जागी उभा राहून घास चावू शकतो. दात वाचवण्याची सारी विद्या ह्या एका गोष्टीवर उभी आहे.

आता दात किडतो कसा? कीड म्हणजे वळवळणारा किडा नव्हे. दाढेतून किडे काढून दाखवणारे जत्रेत भेटतात; ती नुसती हातचलाखी असते. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेपासून आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी 1890 साली ही उपपत्ती मांडली. खड्डा वाढत गरापर्यंत पोचला की गराला सूज येते. बोटाला सूज आली तर कातडी ताणते, जागा देते. इथे चहूबाजूंनी कठीण भिंती! सूज जाणार कुठे? म्हणून तो जीवघेणा ठणका. आणि काही दिवसांनी तो आपोआप थांबतो.

मंडळी, इथेच फसगत होते. दुखणे थांबले म्हणजे बरे झाले असे आपण समजतो. खरे म्हणजे गर मेलेला असतो. मेलेल्या गरात जंतू वाढतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू साठतो आणि एके दिवशी गाल सुजतो. नुसत्या गोळ्यांनी सूज उतरली तरी रोग जात नाही. औषध जाते रक्तातून, आणि मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही.

हे सारे जंतूंमुळेच घडते ह्याचा पुरावा 1965 साली अमेरिकेत मिळाला. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड ह्या संशोधकांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून गर उघडा केला. साध्या उंदरांचा गर सडला. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा गर मात्र मेला नाही, भोकावर नवा थर धरू लागला. तेव्हा दंतवैद्याचे काम ठरले : जंतू काढा आणि त्यांची वाट बंद करा.

ह्या उपचाराला आपण 'रूट कॅनॉल' म्हणतो. आधी क्ष-किरण चित्र काढून मुळे पाहतात. सुई देऊन जागा बधिर करतात. दाढेला वरून भोक पाडून बारीक कानशींनी एकेक नळी साफ करतात, जंतुनाशक द्रावाने धुतात. खालच्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, वरच्या दाढेत तीन किंवा चार. एक जरी राहून गेली तरी रोग पुन्हा डोके वर काढतो. म्हणून हे काम घाईचे नव्हे. मग नळ्या गटापर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या पदार्थाने भरतात. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर ह्याच चिकाचे वेष्टन असे. शेवटी दाढेवर टोपी बसवतात. ती टाळू नये. पोखरलेली दाढ टोपीवाचून एखाद्या कठीण घासाला उभी चिरते, आणि सारा खर्च वाया जातो.

एवढे करूनही मुळाच्या टोकाशी रोग राहिला तर लहानशी शस्त्रक्रिया करतात. हिरडी उचलून मुळाचे सुमारे 3 मिलिमीटर टोक कापतात, सडका भाग खरवडतात आणि नळीचे तोंड मागच्या बाजूने बंद करतात. कालांतराने तिथे हाड पुन्हा भरून येते.

शिक्षकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, मळला असेल तर क्षणभर स्वच्छ पाण्यात किंवा दुधात खळबळा आणि त्याच खळग्यात बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. ते जमले नाही तर दात दुधात ठेवा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे न्या. मुळावरचे ते वेष्टन वाळले की मरते. दुधात ते काही काळ जगते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

सगळेच दात वाचतात असे नाही. मूळ उभे चिरले असेल, हाड झिजून दात डुलत असेल, किंवा कीड हाडाखाली गेली असेल, तर काढणेच शहाणपणाचे. पण तो निर्णय क्ष-किरण चित्र पाहून व्हावा, ठणक्याच्या भरात नव्हे. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे चौकशी करावी. दुखऱ्या दाढेशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नये, हिरडी भाजते. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेनासे होणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास, ह्यांपैकी काही दिसले तर मात्र त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे. तिथे प्रश्न दाताचा राहत नाही, जिवाचा होतो.

म्हणून पुढल्या खेपेला दाढ ठणकली, तर "काढून टाका" म्हणण्याआधी दंतवैद्याला एवढे विचारा : "ही वाचेल का?"