मोटारींतील गारवा कां हरपतो?

चिपळूणहून कोयनानगरास येतांना कुंभार्ली घाट चढावा लागतो. उन्हाळ्यांत नेमक्या ह्याच चढणीवर मोटारींतील एसी कोमट वारा देऊं लागला, कीं 'गॅस संपला' असें म्हणून आपण मोकळे होतों. हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो.

एसी थंडी निर्माण करीत नाहीं. तो आंतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. आंत उष्णता शोषून घेतलेला गॅस कॉम्प्रेसर दाबतो आणि मोटारीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरमध्यें ती उष्णता बाहेरच्या हवेला दिली जाते. घाटांत मोटार मंद चालते. कंडेन्सरला वारा कमी मिळतो. एंजिन फार तापलें, तर कित्येक मोटारींत कॉम्प्रेसर आपोआप थांबतो.

म्हणून आधीं लक्षणें पाहावीं. वाराच कमी येत असेल, तर हवेचा फिल्टर धुळीनें कोंदला असावा. सपाटीवर वारा गार, पण घाटांत किंवा उभ्या मोटारींत कोमट असेल, तर कंडेन्सरवरील चिखल-पाचोळा व त्याचा पंखा तपासावा. सर्वत्रच कोमट असेल, तर कॉम्प्रेसर चालू होतो कीं नाहीं हें पाहावें. मगच गॅसची शंका घ्यावी.

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाहीं. तो कमी झाला म्हणजे कोठें तरी गळती आहे. ती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. मात्र गॅस दाबाखालीं असतो. त्याच्या नळ्या घरीं उघडूं नयेत, तें काम जाणत्या कारागिराचें.

आणि घाटांत एंजिनाच्या तपमानाचा कांटा वर चढूं लागला, तर एसी तत्काळ बंद करावा. घटकाभर घाम आला तरी चालेल. एंजिन राखलें पाहिजे.